एक वेढा आधी

१

गाणं सुरू होण्याआधीच तिला गाणं ऐकू आलं.

अगदी बारीक. भिंतीपलीकडे कोणी स्वतःशीच म्हणावं तसं. स्पूल फिरत होते, टेपची खरखर चालू होती, गाणाऱ्या बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि त्या खरखरीच्या तळातून पहिली ओळ येऊन गेली. मग एक श्वासभर काही नाही. मग तीच ओळ, भरल्या गळ्यानं, थेट कानात.

दचकूनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ठेवले म्हणजे जवळजवळ फेकलेच.

"काय, झुरळ?" काकानं मान वर न करता विचारलं. तो शेजारच्या स्टुलावर बसून एका केबलला डाग देत होता.

दचकू हे नाव त्यानंच ठेवलेलं. लहानपणी फुगा फुटला की ही पलंगाखाली, आणि कोणी फुगा फुगवायला घेतला तरी आधीच पलंगाखाली. पुढे साहित्य घेऊन कॉलेज झालं, चष्मा लागला, चारचौघांत दोन शब्द बोलण्याइतकी धिटाई आली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर सवयही.

काय ऐकलं ते तिनं सांगितलं. काका हसला. पुतणीला हसायची संधी तो सहसा सोडत नसे. टेप स्पूलवर वेढ्यावर वेढा अशी गुंडाळलेली असते, तो म्हणाला. वर्षानुवर्षं तशी पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. ओल्या शाईचं पान मिटलं की समोरच्या पानावर ठसा उठतो ना, तसा. म्हणून पुढचं आधी ऐकू येतं, बरोबर एक वेढा आधी. भुताटकी नाही बाळा, लोहचुंबक आहे.

एवढं सोपं होतं तर. तिला हायसं वाटलं. तिनं टेप मागे घेतली, हेडफोन पुन्हा लावले, आणि पहिली ओळ येईपर्यंत खुर्चीचा हात धरून बसली.

२

स्टुडिओ दातांच्या दवाखान्याच्या खाली होता, तळघरात. खिडकी नव्हती. दिवस कुठवर आला हे वरच्या ड्रिलच्या किरकिरीवरून समजायचं. ती पाइपांतून खाली झिरपायची आणि दुपारी दवाखाना बंद झाला की थांबायची. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेप वाजवायचं यंत्र, स्पीकर आणि काकाचं टेबल. आतल्या खोलीत गाणारे उभे राहत. मधे जाड दुहेरी काच, आणि कडांना रबर लावलेलं एक जड दार, जे लावताना म्हातारा माणूस खुर्चीत बसावा तसा सुस्कारा टाकत असे. बाहेरून आत बोलायचं तर टेबलावरचं बटण दाबून माइकात बोलायचं. आतला आवाज बाहेर स्पीकरवर येई. नुसतं ओरडून काही उपयोग नसे. त्या भिंतींनी भलेभले आवाज गिळले होते.

काकानं आपली उमेदीची वर्षं याच दोन खोल्यांत घालवली होती. आता कोणी टेपवर गात नव्हतं. पण एका रेकॉर्ड कंपनीला बाईंची जुनी गाणी नव्यानं काढायची होती, आणि ती सगळी काकानं इथेच ध्वनिमुद्रित केलेली. सोबत एक छोटी पुस्तिका द्यायची होती, त्यात प्रत्येक गाण्याचा अर्थ. ते काम दचकूला मिळालं. पहिलंच काम. आईनं मात्र तिला इथे रोज पाठवण्यामागे निराळा हेतू ठेवला होता. गेल्या वर्षी काकाच्या छातीत कळ आली होती, दवाखान्यात राहावं लागलं होतं. तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या असत आणि आईच्या डोक्यात एकच घोर. तू अर्थबिर्थ लिही, ती म्हणाली होती, पण डोळा त्याच्यावर ठेव. त्याला कोणी नाही आपल्याशिवाय.

आणि दचकूलाही त्याच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. वडील गेल्यावर शाळेच्या फाटकाशी रोज जो उभा असायचा तो हाच. तिनं "काका" म्हणून हाक मारायची आणि त्यानं गर्दीतून कुठूनतरी "आलो गं, दचकू" म्हणायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं.

गाणं टेपच्या प्रेमाचं होतं. बाईंनी स्वतः लिहिलेलं, बहुधा त्यांचं शेवटचं.

खरखर तेवढी राहू दे, ती माझ्या श्वासाची,
धुतलेल्या आवाजाला ओळख नसते कशाची.

वेढ्यावरती वेढा निजतो, वेढा वेढ्याला सांगतो,
उद्या म्हणायचं गाणं माझं आजच कुणी ऐकतो.

पुसलंस तरी तळाशी उरेन, वर तू काही भर,
तुझ्या नव्या आवाजाखाली माझंच जुनं घर.

शेवटी थोडी कोरी राख, सगळी नको घेऊ,
हाक कुणाची आलीच तर मी ओ कशावर देऊ?

दचकूनं झोकात सुरुवात केली. इथे फीत हे स्मृतीचं रूपक आहे, असं लिहिलं. खरखर म्हणजे नात्यातला सच्चेपणा, वेढा म्हणजे काळ, कोरी जागा म्हणजे मृत्यूनंतरची शांतता. काकाला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, की या पोरीला कॉलेजात साधी सरळ टेप कोणी दाखवलीच नव्हती का.

"अगं, खरखर म्हणजे खरखर. कंपनीवाले ती काढून टाकतात, म्हणून बाई चिडायच्या. त्या जे म्हणायच्या तेच त्यांच्या मनात असायचं. रूपक कसलं डोंबलाचं?"

"मग शेवटची ओळ? तिचा काय सरळ अर्थ लावणार तू?"

काकानं डागणी बाजूला ठेवली. मग म्हणाला की बाईंनी खरंच त्याला शेवटी बरीच टेप कोरी सोडायला लावली होती. का, ते त्यानं विचारलं नाही. गाणारी माणसं लहरी असतात.

३

दुसरी गोष्ट काकाच्या लक्षात आली, आणि ती त्याला आवडली नाही.

टेप वाजून संपली की ती उलटी गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणायची नाही, हा त्याचा नेम. संपली तशीच, शेपूट म्हणजे शेवटचं टोक बाहेर ठेवून, डब्यात घालायची. म्हणजे ठसा उमटलाच तर तो आवाजाच्या मागून उमटतो आणि गाण्यातच लपून जातो. या डब्यावर त्याच्याच अक्षरात 'शेपूट बाहेर' असं ठळक लिहिलेलं होतं. आतली टेप मात्र सुरुवात बाहेर ठेवून गुंडाळलेली निघाली. म्हणून तर पुढचं आधी ऐकू येत होतं.

"विसरला असशील," दचकू म्हणाली.

"गोळी विसरेन. हे विसरणार नाही."

मग मधे कोणी ऐकली असेल, असं ती म्हणाली. आतल्या खोलीतल्या ज्या कपाटात टेप होती त्याची किल्ली त्याच्याच गळ्यात असायची, आणि बाई गेल्यापासून त्यानं ते उघडलंही नव्हतं. एवढं बोलून त्यानं विषय बदलला आणि कंपनीवाल्यांच्या अकलेवर घसरला. पण त्या दिवशी त्यानं तिच्यावर एकही विनोद केला नाही.

दचकू गाणं ऐकत राहिली. बाईंची एक लकब आता तिला पाठ झाली होती. ओळ उचलण्याआधी त्या श्वास दोन तुकड्यांत घेत. आधी थोडा, मग मधेच थांबून उरलेला. पाण्यात पाय घालताना माणूस घेतो तसा. काका म्हणाला की कंपनीनं हे श्वासही कापायला सांगितलेत. तो कापणार नव्हता.

गाणं संपल्यावर ती नेहमी टेप थांबवायची. त्या दिवशी वरची किरकिर थांबली होती, काका चहा आणायला गेला होता, आणि ती शेवटच्या ओळीचा विचार करत होती. म्हणून टेप चालूच राहिली. कोरी टेप. नुसती खरखर.

मग तळातून काहीतरी आलं. काच फुटल्याचा आवाज, आणि लगेच एका बाईची बारीक किंकाळी.

ती ताठ बसली.

थोडी खरखर. मग कुठेतरी आत, दाराआड, टेलिफोनची घंटा. जुन्या पद्धतीची, ट्रिंग ट्रिंग. वाजून वाजून थांबली.

मग त्याच बाईचा आवाज, अगदी अस्पष्ट, कोणाला तरी हाक मारणारा. पहिली हाक साधी. दुसरी जरा दमदाटीची. तिसरी विचित्र, शब्द मधेच ताणलेला, सूर भलतीकडेच नेलेला, जणू हाक मारणारीला ती मारायची नव्हती.

तिसऱ्या हाकेला दचकूनं यंत्र बंद केलं. बोट बटणावर ठेवूनच ती काका येईपर्यंत बसून राहिली. ती हाक "काका" अशी होती.

४

काकानं ते दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा तिसऱ्या हाकेपर्यंतच, कारण पुढे दचकूनं ऐकू दिलं नाही. तिनं त्याचा हातच धरला.

बाई त्याला कधी काका म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्यापेक्षा तो लहान होता.

मग दोघांनी डोकं लढवलं. भीती वाटली की दचकूचं डोकं उलट जास्तच चालायचं. एक, ही टेप आधी वापरलेली असेल आणि जुनं काही नीट पुसलं गेलं नसेल. पुसलंस तरी तळाशी उरेन, असं गाण्यातच होतं की. काकानं मान हलवली. बाईंसाठी त्यानं नवीकोरी टेप फोडली होती, वेष्टनासकट त्याला आठवत होती. दोन, रेडिओचा आवाज तारांमधून शिरला असेल. तळघरात रेडिओ येत नाही. तीन, मग हा ठसाच असेल, त्या गाण्याच्या पहिल्या ओळीसारखा. हे तिला पटलं. आवाज तसाच बारीक होता, तसाच तळातून येणारा.

"ठसा आहे तर मूळही असेल," काका म्हणाला. "एका वेढ्यानंतर तेच मोठ्यानं यायला हवं."

त्यानं पाहिलं. काच फुटल्यानंतर एक वेढा, घंटेनंतर एक वेढा, पहिल्या दोन हाकांनंतर एकेक वेढा. शांतता. यंत्राचे काटे हललेही नाहीत. ठसा होता आणि ज्याचा ठसा तो आवाजच नव्हता.

"मग मूळ कुठंय?" तिनं विचारलं.

काकानं काट्यांवर टिचकी मारून पाहिली. पण तिला दुसरं कडवं पाठ होतं, आणि या वेळी त्यात तिला रूपक दिसेना. उद्या म्हणायचं गाणं माझं आजच कुणी ऐकतो. तिनं लॅपटॉप उघडून 'वेढा म्हणजे काळ' हे वाक्य खोडलं आणि त्या जागी काय लिहावं हे न सुचून लॅपटॉप मिटला.

त्या दिवशी घरी तिनं आईला काही सांगितलं नाही. आईनं गोळीचं विचारलं. घेतली, ती म्हणाली. चेहरा का उतरलाय, तर काम फार आहे. अंथरुणात पडल्यावर उशीत कान दाबला तेव्हा तिला आपल्याच कानातली सळसळ ऐकू आली, आणि ती कुशीवर वळली.

५

ग्लास काकानं धुऊन टेबलाच्या कडेला ठेवला होता. कडेला ठेवू नकोस, असं ती त्याला म्हणणारच होती.

तिनं फक्त वायर ओढली. हेडफोनची वायर ग्लासाला लागली, ग्लास फरशीवर गेला, आणि ती नेहमीसारखी किंचाळली.

नेहमीसारखी. कॉलेजात, जिन्यात, स्वयंपाकघरात ती हजारदा अशी किंचाळली असेल. स्वतःला ऐकलं मात्र कधीच नव्हतं. आपला आवाज आपल्याला बाहेरून कुठे ऐकू येतो? या क्षणी तिनं तो पहिल्यांदा ओळखला, कारण तो तिनं टेपवर ऐकला होता. काच, आणि लगेच किंकाळी. मधलं अंतरसुद्धा तेवढंच.

ती काकाकडे बघत राहिली आणि काका फरशीकडे.

"ग्लास काय, फुटतोच," तो शेवटी म्हणाला. "तू कडेला काही ठेवलं की फोडतेस, हे सगळ्या खानदानाला माहीत आहे."

विनोद बरा होता. पण तो म्हणताना त्याचा हात खिशावर होता, गोळ्यांवर.

तुकडे गोळा करताना तिनं मनाला समजावलं. ग्लास सगळीकडे फुटतात. बायका सगळ्याच किंचाळतात. मेंदू जुळवाजुळव करतो, कॉलेजात एका तासाला हेच शिकवलं होतं. सगळं खरं होतं. तरी टेपवर काचेनंतर काय येतं ते तिला माहीत होतं: घंटा, मग हाका. आणि काकाच्या मोबाइलला जुन्या टेलिफोनची घंटा लावलेली होती. हौशीनं. तिनंच लावून दिली होती.

"काका, आपण हे काम सोडून देऊ."

"आधी शेवटपर्यंत ऐकू तरी दे मला," तो म्हणाला. "तिसऱ्या हाकेनंतर काय आहे ते कळल्याशिवाय सोडून काय उपयोग?"

६

ऐकताना तिनं बाहेरच्या खोलीत बसायचं नाही, असं त्यानं बजावलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि काचेतून बघत उभी राहिली.

इतकी वर्षं गाणाऱ्यांना जे दिसत आलं तेच आता तिला दिसत होतं. काचेपलीकडे काका, कानांवर हेडफोन, समोर फिरणारे दोन स्पूल. आवाज काही नाही. पहिल्या हाकेला त्याच्या भुवया हलल्या, ते तिला कळलं. दुसऱ्या हाकेला त्यानं डोळे मिटले. तिसरी.

मग तो ऐकत राहिला. एकदम त्याचा चेहरा खुलला, कोणी ओळखीचं भेटावं तसा. तिलाही काचेअलीकडे बरं वाटलं. आणि एका श्वासात तो चेहरा उतरला. त्यानं झटकन मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीवर कोट.

नंतर तो बराच वेळ ऐकत बसला. ती बाहेर आली तेव्हा त्यानं यंत्र थांबवलं होतं आणि तो हेडफोनची वायर नीट गुंडाळत होता, अगदी नीट, वेढ्यावर वेढा.

"ओ मिळते ना शेवटी?" तिनं विचारलं. "हाक मारली की ओ देतं ना कोणी?"

"देतं."

"तूच ना?"

काका वायर गुंडाळत राहिला. "शब्द माझे आहेत," तो म्हणाला.

आणि पुढे? पुढे काही नाही, तो म्हणाला. ओ आल्यावर तू परत बोलत नाहीस. टेप संपेपर्यंत नुसती खरखर आहे, आणि तुझा आवाज त्यात कुठेच नाही.

त्यानं ठरवूनच टाकलं होतं. हे गाणं जाणार नाही. कंपनीला तो सांगेल, टेप खराब झाली म्हणून. ती परत कपाटात जाईल, कुलूप लागेल आणि किल्ली गटारात जाईल. मग तो दचकूला समोर बसवून, लहानपणी रस्ता ओलांडायला शिकवताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "हे बघ. मी टेप आत ठेवून येतो. कपाटाचं कुलूप गंजलंय, वेळ लागेल. कितीही वेळ लागला तरी तू मला हाक मारायची नाहीस. कळलं? मी आपणहून येईन."

तिनं मान हलवली. त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली, डबा काखेत घेतला आणि आत गेला. दारानं सुस्कारा टाकला. पाठोपाठ स्पीकरवर आतली कडी लावल्याचा आवाज आला. ती मागे येऊ नये म्हणून.

७

कपाट आतल्या खोलीच्या कोपऱ्यात होतं, काचेतून न दिसणाऱ्या. तिला फक्त त्याची फरशीवर हलणारी सावली दिसत होती. स्पीकरवर किल्ल्यांची खुळखुळ येत होती, त्याचं पुटपुटणं, कुलपाला हासडलेली एक शिवी. तिला हसू आलं.

मग धप्प असा आवाज झाला. मऊ आणि जड. सावली फरशीवरून गेली.

ती उठली. दार ढकललं, कडी. मुठीनं ठोकलं. रबरानं ठोकणं पिऊन टाकलं. स्टूल घेऊन काचेवर मारलं, ते हातातून सुटून पायावर आलं आणि काचेला ओरखडाही नाही. आणि तेवढ्यात आतला दिवा गेला. काच काळी झाली. तिच्यात आता बाहेरचीच खोली दिसत होती: टेबल, यंत्र, आणि मधे ती, तोंड उघडं.

हाक नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. हाक नाही मारायची.

दवाखाना बंद होता, वर कोणी नव्हतं. तिनं मोबाइल काढला, जिन्याच्या पायरीवर उभं राहिलं की तिथे कसंबसं नेटवर्क यायचं, आणि विचार न करता काकाला लावला. उचल. उचल ना. आत, दाराआड, जिथे कधी नेटवर्क येत नसे तिथे, ट्रिंग ट्रिंग सुरू झालं. वाजून वाजून थांबलं.

तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते.

नंतर तिनं आईला लावला. आईनं उचलला नाही. मग ॲम्ब्युलन्सला. पलीकडच्या बाईचा आवाज शांत होता, रोजचं काम करणारा. पत्ता घेतला. गाडी निघाली म्हणाली. वय विचारलं, आधी काही त्रास आहे का विचारलं. दचकूनं सगळं सांगितलं, छातीचं, गोळ्यांचं. गोळ्या त्याच्या खिशात आहेत, ती म्हणाली, मला आत जाता येत नाही.

"शुद्धीवर आहेत का ते?"

"दिसत नाहीत. अंधार आहे."

"हाक मारा. ओ देतात का बघा."

"हाक नको," ती म्हणाली. "दुसरं काही सांगा."

मग ती बाई जरा मऊ होऊन म्हणाली, "ताई, घाबरू नका. शुद्धीवर असतील तर गोळी स्वतः घेऊ शकतील, त्यांना तसं सांगावं लागेल. गाडी यायला वेळ आहे. त्यांना हाक मारा. आता."

वेळ आहे. फाटकाशी उभा असलेला काका. त्याला कोणी नाही आपल्याशिवाय.

ती टेबलाशी आली, मोबाइल माइकाशेजारी ठेवला. नेटवर्क जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. बटण दाबायला वाकली तेव्हा यंत्राकडे लक्ष गेलं. स्पूल जागेवरच होता. काकानं काखेतून नेला तो रिकामा डबा. जो माणूस टेप कधी विसरत नाही तो ती यंत्रावरच विसरून गेला होता. आणि टेप फिरत होती. सावकाश, बिनआवाज. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागलेला होता. तो तिनं लावला नव्हता.

तिनं बटण दाबलं.

"काका?"

साधी हाक. खरखर.

"काका, बोल ना. गोळी घे." नाही, हे शब्द टेपवर नव्हते, हे निराळं आहे, तिला धीर आला. पण गोळीचं बोलताना बटणावरून बोट निसटलं होतं. आत काही गेलं नव्हतं. तिनं पुन्हा दाबलं. "काका!" दमदाटीची.

उत्तर नाही. आता एकच उरली होती. ती बदलायची. सूर बदलायचा, ताणायचा, काहीही करायचं, पण ती टेपवरची हाक होऊ द्यायची नाही. तिनं श्वास घेतला आणि शब्द मधेच ताणला, भलत्याच पट्टीत नेला, आपला वाटू नये असा. हाक तोंडातून सुटली आणि त्याच क्षणी तिनं ती ओळखली. ती इतकी विचित्र का होती हे आता तिला कळलं.

स्पूल फिरत होते. काळ्या काचेत ती दिसत होती आणि तिच्या मागे भिंत आणि कोट. मोबाइलमधून ती बाई विचारत होती, दिली का ओ, दिली का?

स्पीकरमधून, खरखरीच्या अगदी तळातून, अस्पष्ट आलं: "आलो गं, दचकू."

तिला रडूच फुटलं. दिली, ती मोबाइलमध्ये म्हणणार होती. दिली त्यानं ओ. तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं की आवाज बारीक होता. भिंतीपलीकडून यावा तसा. एक वेढा आधी यावा तसा.

शेवटी थोडी कोरी राख.

तिनं डोळे गच्च मिटले, काचेत काही दिसू नये म्हणून. यंत्र आपलं फिरत होतं. एक वेढा म्हणजे किती, हे आता तिला अंगानं माहीत होतं.

तिच्या मागे, खुर्चीइतक्या अंतरावर, कोणीतरी श्वास घेतला. आधी थोडा. मग, मधेच थांबून, उरलेला.

"आलो गं, दचकू."